रागवा, पण योग्य सिनेमावर



‘तो सिनेमा मुलांना दाखवू नका’ हा निरोप मला आजवर किती वेळा मिळाला याची परवा सहज मोजदाद केली. १९७३ साली ‘बॉबी’ आला तेव्हा मी बारा वर्षांची होते. तेव्हा हा निरोप देवळाच्या पायरीवर आई-काकूंच्या तोंडी होता. १९७५ ला ‘ज्यूली’च्या वेळी तोच. १९८१ ला मी बी.कॉम. करत होते, ‘एक दुजे के लिए’ लागला आणि आमच्या वर्गातल्या मुलींच्या आयांनी तोच निरोप घरोघर पोचवला. १९८८ ला ‘कयामत से कयामत तक’. मग आमच्या मुलांची, पुतण्यांची पाळी. २०१३ ला ‘बालक-पालक’, २०१६ ला ‘सैराट’. आता निरोप फोनवर येतो, वर हात जोडलेलं चित्र असतं आणि खाली ‘प्रत्येक आईपर्यंत पोचवा’ असं लिहिलेलं असतं. बाकी मजकूर पन्नास वर्षं तोच आहे.

निरोप पाठवणाऱ्या बायका माझ्याच आहेत. त्यांची भीतीही खरी आहे. पोरगी पळून जाईल, पोरगा व्यसनाला लागेल, काहीतरी बघेल आणि तसंच करायला जाईल, या भीतीने आईची झोप उडते, हे मला कुणी सांगायला नको. तरीही आज मी भांडायलाच बसले आहे. माझं म्हणणं सरळ आहे. आपण रागावतो ते बहुतेक वेळा चुकीच्या सिनेमावर. ज्यावर रागवायला हवं तो आपण मुलांना मांडीवर घेऊन, शेंगदाणे खात, हसत हसत बघतो.

आधी एक गोष्ट मान्य करते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की या बाईला काहीच वाईट वाटत नाही. सिनेमाचा मुलांवर परिणाम होतो. ‘अहो सिनेमाच तो, विसरतात पोरं’ हे मला पटत नाही. अमेरिकेत सरकारचे जे मुख्य आरोग्याधिकारी असतात, त्यांना सर्जन जनरल म्हणतात, त्यांच्या २०१२ सालच्या अहवालात स्पष्ट म्हटलं आहे की सिनेमातलं धूम्रपान आणि मुलांनी सिगारेट सुरू करणं यात कार्यकारण संबंध आहे. नुसता योगायोग नाही. आपल्याकडेही त्याच वर्षी, २ ऑक्टोबरपासून, तंबाखू दाखवणाऱ्या सिनेमाच्या सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर इशारा दाखवणं बंधनकारक झालं. तो आपण सगळ्यांनी शंभर वेळा बघितला आहे. म्हणजे परिणाम होतो की नाही हा वाद माझ्यापुरता संपला. कोणत्या सिनेमाचा वाईट परिणाम होतो, एवढाच प्रश्न उरतो.

मी कॉमर्सची. लग्नानंतर नोकरी केली नाही, पण घरच्या दुकानाची खातेवही चाळीस वर्षं लिहिली. त्या सवयीने मी सिनेमाकडेही वहीसारखं बघते. वहीला दोन बाजू असतात, जमा आणि खर्च. पोरांनी काही धोक्याचं केलं, त्याचीही वही असते. जमेला मजा, मित्रांत मान, मोठं झाल्यासारखं वाटणं. खर्चाला शाळा, तब्येत, पैसा, घरच्यांचा विश्वास, आणि कधीकधी जीव. सिनेमा या दोन बाजू कशा लिहितो यावरून माझ्या लेखी त्याचे तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार फक्त जमा दाखवतो. हिरो हेल्मेट न घालता भन्नाट मोटरसायकल चालवतो, पडत नाही. रात्रभर पितो, सकाळी ताजातवाना. मुलगी नको म्हणते, तो मागे मागे फिरतो, शेवटी ती लाजून हो म्हणते. २००४ ला ‘धूम’ आला तेव्हा आमच्या गल्लीतल्या पोरांनी गाड्यांचे आवाज बदलून घेतले होते, रात्री अकरा वाजता खिडक्या हादरायच्या. तेव्हा कुणी निरोप पाठवला नाही. २०१४ ला ‘टाइमपास’ आपण सहकुटुंब बघितला. दहावी नापास पोरगा शाळेतल्या मुलीच्या मागे लागतो, आपण पोट धरून हसलो. हसू नये असं मी म्हणत नाही, तो सिनेमा गमतीचाच आहे. पण शेजारी चौदा वर्षांचा मुलगा बसला आहे, आणि घराबाहेर कुणी आपल्या मुलीच्या मागे असंच फिरलं तर आपण पोलिसात जाऊ, ही गोष्ट त्याला त्या संध्याकाळी कुणी सांगितली का?

दुसरा प्रकार दोन्ही बाजू लिहितो. मजा दाखवतो आणि मग बिल किती आलं तेही दाखवतो. आपली सगळी चिडचिड असते ती याच प्रकारावर.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. तो खर्च जमेच्या बाजूला लिहितो. ‘एक दुजे के लिए’त दोघं शेवटी मरतात आणि ते मरणसुद्धा असं गोड करून दाखवलंय की माझ्या वर्गातल्या मुली वहीत त्या दोघांची नावं लिहून बदाम काढायच्या. मरण म्हणजे प्रेमाची पावती! २०१७ साली नेटफ्लिक्सवर ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ नावाची इंग्रजी मालिका आली, शाळकरी मुलीच्या आत्महत्येवर. मेलेली मुलगी सगळ्यांना धडा शिकवते, असा तिचा एकूण सूर. ती आली त्याच्या पुढच्या महिन्यात अमेरिकेत १० ते १७ वयाच्या मुलांमध्ये आत्महत्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं, असं संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलं. ते मालिकेमुळेच झालं असं ठामपणे सिद्ध होत नाही, हेही त्यांनी सांगितलं. पण त्याच वर्षी जुलैत कंपनीने तो आत्महत्येचा प्रसंग कापून टाकला. असली मालिका पंधरा वर्षांच्या मुलाने दार लावून एकट्याने बघावी, हे मला अजिबात मान्य नाही. इथे मी तुमच्या निरोपाच्या बाजूने आहे. खोटी नोंद ती खोटी नोंद.

आता ‘सैराट’कडे येते, कारण सगळ्यात जास्त निरोप त्याचेच आले होते.

त्या सिनेमाच्या पूर्वार्धात काय आहे? विहीर, बुलेट, ट्रॅक्टर, ऊस, आणि ‘झिंगाट’. उत्तरार्धात काय आहे? ती दोन पोरं हैदराबादच्या झोपडपट्टीत पोचतात. अंगावरच्या कपड्यानिशी. एक बाई आसरा देते म्हणून निभावतं. मोठ्या वाड्यातली आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात कामाला जाते, परश्या डोशाच्या गाडीवर राबतो. घाण, डास, संशय, भांडण. तो तिच्यावर हात उगारतो, ती निघून जाते. प्रेमातून पळून गेलेल्यांचं पुढे काय होतं, ते नागराज मंजुळेंनी पैन् पै लिहिलं आहे.

आणि आपण काय केलं? त्या वर्षी माझ्या माहितीतली एकही हळद, एकही वरात ‘झिंगाट’शिवाय गेली नाही. लहान लहान पोरांना खुर्चीवर उभं करून नाचवलं, व्हिडिओ काढले, नातेवाइकांना पाठवले. त्याच बायकांनी घरी सांगितलं, सिनेमा बघायचा नाही, वाईट आहे. म्हणजे पूर्वार्ध लग्नाच्या हॉलमध्ये लावला आणि उत्तरार्ध कुलपात ठेवला! जमेची बाजू मुलांच्या अंगात भिनवली आणि खर्चाची बाजू फाडून टाकली. असा हिशेब माझ्या दुकानात मुनीमजींनी लिहिला असता तर मी त्यांना दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं.

त्या सिनेमाचा शेवट मात्र मुलांसाठी नाहीच, तो आपल्यासाठी आहे. काही वर्षांनी आर्ची आईला फोन करते. संसार मांडलेला, कडेवर मूल. मग माहेरची माणसं भेटी घेऊन येतात, चहा पितात, आणि दोघांना मारून निघून जातात. खालच्या जातीचा जावई केला म्हणून. आता सांगा, त्या कथेत सगळ्यात धोक्याचं वागणं कुणाचं? दोन पोरांचं की चहा पिऊन गेलेल्या मोठ्यांचं? आपण म्हणालो, ‘सिनेमा पोरांना पळून जायला शिकवतो.’ मला तर त्यात घराकडे परतायचा रस्ता बंद झालेली मुलगी दिसली.

‘बॉबी’चंही तेच. देवळाच्या पायरीवर चर्चा झाली ती डिंपलच्या कपड्यांची. शेवट कुणाच्या लक्षात आहे? घरातून पळालेली ती दोन पोरं पाण्यात उडी घेतात आणि त्यांच्या मागोमाग दोघांचे बाप उडी घेतात. एवढंच नाही, एकमेकांना पाण्यात पाहणारे ते दोन बाप एकमेकांच्या लेकराला बाहेर काढतात. मुलांनी मूर्खपणा केला, तो मूर्खपणाच होता, पण बापाने काठावर उभं राहून ‘मी सांगितलं होतं’ असं म्हटलं नाही. पन्नास वर्षं आपण कपड्यांवर बोललो, त्या उडीवर एक वाक्य नाही.

आणि मराठीतला एक सिनेमा तर मला वाटतं प्रत्येक शाळेत दाखवावा. २००२ चा ‘दहावी फ’, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. शेवटच्या तुकडीची, सतत अपमान सहन करणारी मुलं रागाच्या भरात शाळेची प्रयोगशाळा फोडतात. मग एक शिक्षक त्यांना समजून घेतात, आणि ती मुलं स्वतः कष्ट करून नुकसान भरून द्यायला लागतात. राग आला, तोडफोड केली, त्याची किंमत किती आणि ती कोण देणार, हे दहावीच्या पोराला याहून सोपं करून कुणी सांगितलंय? चुकीची कबुली आणि भरपाई, आपण पाठशाळेत मुलांना दुसरं काय शिकवतो?

आता ‘बालक-पालक’. १९८०च्या सुमाराची मुंबईतली चाळ. शेजारच्या ताईबद्दल मोठी माणसं कुजबुजतात, ‘तिने शेण खाल्लं.’ मुलं विचारतात, म्हणजे काय? कुणी सांगत नाही. उलट ओरडा बसतो. मग ती भाड्याने व्हिडिओ कॅसेट आणतात आणि उत्तर तिथे शोधतात. त्या सिनेमाच्या विरोधात मला जो निरोप आला त्यात लिहिलं होतं, ‘या वयात मुलांना असले प्रश्न पडायला नकोत.’ वाचून मला हसावं की रडावं कळेना. सिनेमाभर जे दाखवलंय तेच ही बाई करत होती!

प्रश्न पडतातच. आज कॅसेट भाड्याने आणावी लागत नाही. ती कॅसेट आपणच वाढदिवसाला मोबाईलच्या रूपाने हातात दिलेली असते.

माझ्या ओळखीच्या एका घरातली गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून खुणा बदलल्या आहेत. एक मैत्रीण माझ्याकडे घरखर्चाची वही घेऊन आली. कपाटातले पैसे कमी होतात, कामवाल्या बाईंवर तिचा संशय होता, दोनदा विचारूनही झालं होतं. मी तारखा बघितल्या. तूट दर आठवड्याला ठराविक वारी, कधी पाचशे, कधी सातशे. कामवाल्या बाई त्या वारी येतच नव्हत्या. तो मुलीच्या क्लासचा वार होता. मुलगी सोळा वर्षांची, हुशार, कुणापुढे नजर वर न करणारी. क्लासमधल्या एका मुलाकडे तिचा एक फोटो गेला होता आणि तो गप्प राहायचे पैसे घेत होता. चार महिने! चार महिने ते लेकरू रोज आईच्या हातचं जेवत होतं आणि आईला काही बोललं नाही. का नाही सांगितलंस, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, “काकू, टीव्हीवर असलं काही आलं की आई लगेच बंद करते आणि तोंड वाकडं करते. मला वाटलं, मी सांगितलं तर माझ्याकडे बघूनही तसंच तोंड करेल.”

मैत्रिणींनो, हे वाक्य ऐकून मी दोन दिवस नीट जेवले नाही. आपण बटण दाबून सिनेमा बंद करतो असं आपल्याला वाटतं. मुलीने तिच्यापुरता वेगळाच अर्थ लावलेला असतो. आईजवळ हा विषय बंद आहे, असा.

त्याच घरात २०१५ चा ‘दृश्यम’ सगळ्यांनी मिळून दोनदा बघितला होता. त्यातही शाळेच्या शिबिरात मुलीचा चोरून व्हिडिओ काढला जातो आणि धमकावणं सुरू होतं. पण बघताना सगळं लक्ष पोलिस फसतात की नाही यावर! ‘असं तुझ्याबाबतीत झालं तर पहिल्यांदा माझ्याकडे ये, मी तुझ्याच बाजूने उभी असेन’ हे एक वाक्य मध्यंतरात बोलायला किती वेळ लागला असता?

आपल्या धर्मात पापाचा हिशेब तीन ठिकाणी होतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. कृत, कारित आणि अनुमोदना. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवून घेतलं, किंवा कुणी केलं त्याला मान डोलावली. मुलांच्या धोक्याच्या वागण्याबद्दल बोलताना आपण फक्त पहिलं बघतो. पोराने काय केलं? उरलेल्या दोन खात्यांत आपली नावं आहेत, ती वाचायला आपण तयार नाही.

कारित बघा. ‘जा रे, पटकन दूध घेऊन ये’ म्हणून पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात स्कूटरची किल्ली कोण देतं? सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालवायचा परवाना मिळतो. आपल्या दारातल्या स्कूटर ११० आणि १२५ सीसीच्या आहेत, त्यांना अठरा वर्षं पूर्ण हवीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या महागड्या मोटारीखाली दोन तरुण जीव गेले. आपण सगळ्यांनी हळहळ केली, श्रीमंतांच्या नावाने बोटं मोडली, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या पोराला किल्ली दिली. कुठला सिनेमा बघून दिली?

आणि अनुमोदना. पडद्यावर हिरो दारू पिऊन गाडी चालवतो आणि आपण हसतो, ती अनुमोदना. मुलीच्या मागे लागणाऱ्या पोराला आपण ‘किती गोड’ म्हणतो, ती अनुमोदना. मुलगा पडद्याकडे जेवढं बघतो त्याच्या दुप्पट आपल्या तोंडाकडे बघतो. कशावर आई हसली, कशावर गप्प झाली, कशावर उठून स्वयंपाकघरात गेली. दिग्दर्शकापेक्षा आपण त्याला जास्त शिकवतो, एक शब्द न बोलता.

आता तुमचे आक्षेप. ‘नसत्या गोष्टी डोक्यात घालायच्याच कशाला?’

या आक्षेपाला उत्तर म्हणून आपल्या पुराणातली द्वारकेची कथा आठवा. नेमिनाथ भगवंतांनी सांगितलं की मद्यामुळे द्वारकेचा नाश होईल. मग नगरातली सगळी दारू बाहेर काढून डोंगरात नेऊन टाकली. चांगलंच केलं. पण पुढे काय झालं? शंबादी राजकुमार वनक्रीडेला गेले, तहानले, आणि तिथे साचलेलं तेच प्याले. नशेत त्यांनी द्वैपायन मुनींवर दगड मारले आणि द्वारका जळाली. दारू नगरात नव्हती, तरी ती होती, आणि जिथे होती तिथे त्या पोरांबरोबर एकही शहाणं माणूस नव्हतं. बंदी घातली म्हणजे काम झालं, असं समजणाऱ्या प्रत्येक आईने ही कथा परत वाचावी. घराबाहेर टाकलेली वस्तू जगातून नाहीशी होत नाही. ती शेजारच्या मुलाच्या मोबाईलमध्ये असते.

शिवाय, व्यसनांच्या कथा आपण पाठशाळेत मुलांना सांगतोच की. चारुदत्त वेश्येच्या नादाने कसा लुटला गेला, हे दहा वर्षांच्या मुलालाही सांगतात. तेव्हा कुणी म्हणत नाही की असलं डोक्यात कशाला घालता. कारण कथेत खर्चाची बाजू असते आणि सांगणारे गुरुजी समोर बसलेले असतात. या दोन गोष्टी असतील तर सिनेमा आणि कथा यांत मला फारसा फरक दिसत नाही.

‘मुलांसमोर तसले प्रसंग बघायची लाज वाटते.’ मलाही वाटते. लाज वाटणं वाईट नाही, मुलांनाही वाटत असते. पण दहा मिनिटांची लाज आणि चार महिन्यांची चोरी, यात स्वस्त काय ते तुम्हीच ठरवा.

‘आमची मुलं तसली नाहीत.’ त्या मुलीची आईसुद्धा हेच म्हणत होती.

मग करायचं काय? सरसकट सगळं दाखवा असं मी मुळीच म्हणत नाही. आठ वर्षांच्या मुलाला ‘सैराट’ दाखवणारी आई बेफिकीर. वयाच्या खुणा बघायला शिका. आता सेन्सॉरच्या प्रमाणपत्रात ‘यूए’चे तीन भाग आहेत, ७, १३ आणि १६ वर्षं. ‘यूए’ म्हणजे त्या वयाखालच्या मुलांना पालकांच्या मार्गदर्शनाखाली दाखवायचा सिनेमा. तो आकडा म्हणजे सरकारने आपल्या हातात दिलेलं काम आहे, नुसती मुभा नाही. घरबसल्या बघायच्या सिनेमांनाही २०२१ च्या नियमांनी अशाच वयाच्या खुणा आल्या आणि १३ वर्षांपासून पुढच्या गटांसाठी पालकांच्या कुलपाची सोय द्यावी लागते. ते कुलूप स्वतः लावायला शिका. माझ्या ओळखीच्या निम्म्या घरांत त्याचा नंबर नातवाने घातलाय!

दुसरं, निरोप पुढे पाठवण्याआधी तो सिनेमा स्वतः बघा. पूर्ण, शेवटपर्यंत. अडीच तास लागतात. ते नसतील तर निदान निरोप पाठवू नका.

तिसरं, मुलांबरोबर बसा आणि सिनेमा संपल्यावर प्रवचन देऊ नका. त्यांना चार प्रश्न विचारा, साध्या हिशेबाचे. याचे पैसे कुणी भरले? दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं असेल? यातल्या मुलीने कुणाला सांगायला हवं होतं? आणि असं तुझ्या वर्गात कुणाच्या बाबतीत झालं तर तू कुणाला सांगशील? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. त्यात आपलं नाव आलं नाही तर सिनेमावर चिडू नका.

चौथं, कायदा सांगा. अठरा वर्षांखालच्या मुलीने ‘हो’ म्हटलं तरी पोक्सो कायद्यात त्या होकाराला अर्थ नाही. सतरा वर्षांच्या मुलाची आई असाल तर हे त्याला तुम्हीच सांगायला हवं, पोलिसांच्या तोंडून कळायला नको. आणि १०९८ हा लहान मुलांच्या मदतीचा नंबर, मन फार उदास झालं तर १४४१६, हे दोन्ही दुधाच्या हिशेबाशेजारी फ्रिजवर लिहून ठेवा. कुणाला लागतील ते सांगता येत नाही.

आणि रागवायचंच असेल तर खुशाल रागवा. ज्यात मुलगी नको म्हणते आणि ते गंमत म्हणून दाखवतात त्यावर रागवा. ज्यात गाडीखाली येणारा माणूस दिसतच नाही त्यावर रागवा. ज्यात मरण गोड दिसतं त्यावर तर थिएटरबाहेर उभं राहून रागवा, मी तुमच्याबरोबर येईन. पण ज्याने पै न् पै खर्च लिहून दाखवला, त्याची वही फाडू नका. ती वही आपल्या मुलांना वाचायची आहे, आणि वाचताना शेजारी आपण हव्या आहोत.

जय जिनेंद्र.